बसलेले केस

"बाई, दाखला तेवढा लवकर काढाय सांगा. साडेअकराची यष्टी चुकली, तर मग थेट सांजच्यालाच हाय."

हर्षदाचे वडील विलास खिलारे शाळेच्या व्हरांड्यात बाकाच्या अगदी कडेला बसले होते. सगळं बाक रिकामं असूनही कडेलाच. शनिवार होता, सकाळची शाळा होती, आणि दाखले काढणारे आमचे क्लार्क दहाशिवाय उगवत नसत. मी तसं सांगितलं. ते "बरं" म्हणाले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि लगेच पुन्हा डोक्यावर घातली.

"पण का नेताय?" मी विचारलं. "नववीतली मुलगी. गणितात शाळेत पहिली. दीड वर्षात दहावी होईल."

"म्या कुठं नेतोय, बाई? तीच म्हंत्या घरला न्या. मागल्या ऐतवारी आलो, तर माझा सदरा सोडंना. जेवाण न्हाई, खाण न्हाई. तिच्या आईनं तर हाय खाल्लीया." मग त्यांचा आवाज उतरला. "केसांचं लई लागलंय मनाला. पोरीची जात."

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. मी तेव्हा माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत विज्ञान शिकवत होते. हर्षदाला चाई लागली होती. डोक्यावर मधोमध रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला, आणि महिन्याभरात तो तळहाताएवढा झाला. वडिलांनी तिला जिल्ह्याच्या गावी कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हा एकापासून दुसऱ्याला होणारा रोग नाही, मुळं जिवंत आहेत, केस बहुतेक येतील. तरी वसतिगृहात मुलींनी आपापल्या गाद्या तिच्यापासून लांब ओढल्या, दोघींच्या आयांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली, आणि हेडमास्तरांनी तिला वरच्या मजल्यावरच्या आजारी खोलीत हलवलं. तेव्हापासून ती खाली उतरलीच नव्हती.

आमच्याकडून घरी गेलेली मुलगी परत येत नसे, हे मला पक्कं माहीत होतं. "चार दिवस नेतो" म्हणून नेलेली एक शेळ्यांमागे गेली आणि दुसरी सासरी. घरी जाऊन हर्षदा कुणाशी बोलणार होती? चार घरच्या खुणा सोडल्या, तर तिच्या गावात हातांची भाषा येणारं एकही माणूस नव्हतं. त्या सकाळी माझा जीव टांगणीला लागला होता, आणि माझ्याकडे वेळ होता तो क्लार्क येईपर्यंतचा.

"मी तिच्याशी बोलून बघते," मी म्हणाले.

"बघा की. आमी थकलो बोलून," ते म्हणाले.

मी तरी काय वेगळं करणार होते? महिनाभर रोज वर जात होते. ती भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि बहिऱ्या माणसानं पाठ फिरवली की संभाषण संपलं. खांद्याला हात लावून वळवलं, तर ती डोळे मिटून घ्यायची. मी तिला रुमाल बांधायच्या नव्या तऱ्हा दाखवल्या. वसतिगृहाच्या सुलामावशींनी कसलंसं तेल आणलं. हेडमास्तर कोरगावकर सरांनी तर गॅदरिंगच्या पेटीतला झाशीच्या राणीचा केसांचा टोप पाठवून दिला. तो तिनं खिडकीतून खाली फेकला, आणि त्याबद्दल मी तिला मनातल्या मनात शाबासकी दिली.

यात आणखी एक पेच होता. तिला चाई लागायच्या महिनाभर आधीच मी वर्गात केसांचा विषय काढला होता. शाळेला कुणीतरी जुने कॉम्प्युटर दिले होते. पुस्तकातलं विज्ञान आमच्या मुलांपर्यंत पोचताना शब्दांतच अडकायचं. मी ठरवलं, मुलांना डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी करावं. केस काय, सगळ्यांनाच असतात. मग पडद्यावर चौकोनांची जाळी काढली. एक चौकोन म्हणजे एक केस. हिरवा झाला की वाढतोय, पिवळा झाला की थांबलाय, पांढरा झाला की गळला, आणि थोड्या वेळानं पुन्हा हिरवा. प्रत्येक चौकोनाला स्वतःचं वेगळं घड्याळ. एवढाच नियम, बाकी सगळं कॉम्प्युटर करायचा. रोज केस गळूनही डोकं भरलेलं का दिसतं, हे मुलांनी जाळीकडे बघून स्वतःच शोधून काढलं, आणि त्यात सगळ्यात पुढे हर्षदाच होती. एका चौकोनाचं घड्याळ जलद केलं तर काय होईल, दहा चौकोनांचं केलं तर काय होईल, असं विचारून तिनं माझ्या नाकी नऊ आणले होते.

आणि मग तिचेच केस गेले. कोरगावकर सर म्हणाले, "बाई, तुमचं ते केसपुराण आता आवरा. पोरीच्या जखमेवर मीठ कशाला?"

मलाही ते पटलं होतं. पण मुलं ऐकेनात. सुरू केलेलं अर्धं सोडायला ती काही मोठी माणसं नव्हती.

त्या शनिवारी आठवी, नववी, दहावी मिळून माझा तास होता, आणि नेमकी वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते. कॉम्प्युटर मुके झाले. मुलं माझ्याकडे बघायला लागली. डोक्यात दाखल्याचंच चालू असल्यामुळे मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हणाले, "चला पटांगणात. आज तुम्हीच केस."

(म्हणाले म्हणजे हातांनी म्हणाले. यापुढेही मुलांशी आणि मुलांचं बोलणं तसंच समजायचं.)

चाळीसेक मुलांना ओळींत, हात पसरला तर शेजाऱ्याला लागेल इतक्या अंतरावर उभं केलं. प्रत्येकाला बोटांनी वेगळा आकडा दिला. हात वर करून उभं राहायचं, म्हणजे केस वाढतोय. मनात मोजायचं. आपला आकडा संपला की खाली बसायचं, म्हणजे केस थांबला, गळला. बसल्यावर दहापर्यंत मोजायचं आणि पुन्हा हात वर करून उठायचं. कुणाकडे बघायचं नाही, आपापलं मोजायचं.

आता, बहिऱ्या मुलाला "कुणाकडे बघू नकोस" म्हणणं म्हणजे ऐकणाऱ्याला कानात बोटं घालून बस म्हणण्यासारखंच. पण खरी गंमत निराळीच झाली. आमच्या शाळेत घंटा नव्हती, असून उपयोगही नव्हता. जेवण झालंय, सर आलेत, रांग लावा, काहीही असो, एकाला कळलं की तो शेजारच्याच्या खांद्यावर थाप मारायचा, शेजारचा पुढच्याच्या. अर्ध्या मिनिटात अख्खी शाळा जेवणाच्या खोलीत. ही सवय मुलांच्या हाडीमासी खिळलेली होती. मधल्या ओळीतल्या फिरोजचा आकडा संपला, तो बसला, आणि बसता बसता सवयीनं त्यानं दोन्हीकडे थापा मारल्या. शेजाऱ्यांना वाटलं, बसायचा हुकूम आला. ते बसले, आणि त्यांनीही आपापल्या शेजाऱ्यांना थोपटलं. बसल्यावर कुणी उठू लागलं, की मागून पुन्हा थाप यायचीच.

मला खालून एवढंच दिसत होतं, की मधली मुलं भराभर खाली बसताहेत आणि कडेची मात्र शहाण्यासारखी उभी आहेत. मी भडकले. "अरे, आकडा संपल्याशिवाय बसायचं नाही!" असं चक्क तोंडानं ओरडले. अकरा वर्षं त्या शाळेत काढूनही राग आला की मी तोंडानंच ओरडत असे.

तेवढ्यात वरून एक चप्पल आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर धपकन पडली. पाठोपाठ दुसरी.

मी वर पाहिलं. आजारी खोलीच्या खिडकीत हर्षदा उभी होती. डोक्याला रुमाल नव्हता. दोन्ही हात खिडकीबाहेर काढून ती जोरजोरात सांगत होती, "कुणी हलू नका! आहे तसंच राहा!"

बहिऱ्या मुलांचं हे एक बरं असतं. पहिल्या मजल्यावरून पटांगणाच्या टोकापर्यंत निवांत गप्पा मारता येतात, घसा बसत नाही. सगळी मुलं जागच्या जागी थांबली.

"मधले मेले?" तिनं मला विचारलं.

"नाही. बसलेत."

"आकडा संपला होता त्यांचा?"

मी मधल्या मुलांना विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. नव्हता संपला. मग का बसलात? एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि फिरून सगळी बोटं फिरोजवर आली. फिरोजनं आपल्या हातांकडे असं पाहिलं, की जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

"बाई," वरून हर्षदा म्हणाली, "हे माझं डोकं आहे."

वरून तिला ते दिसत होतं, मला खालून दिसलं नव्हतं. कडेनं दाट उभे केस, मधोमध चट्टा. मी चट्ट्याच्या काठाशी उभी होते, आणि बाईपणा करत आरडाओरडा करत होते.

मिनिटभरात ती अनवाणी खाली आली. मागून सुलामावशी रुमाल हलवत धावत होत्या. मुलं तिच्याकडे बघायचं टाळत होती, कारण त्यांना तिला हाक कशी मारायची हेच कळत नव्हतं. आमच्याकडे प्रत्येकाला हातांचं एक नाव असतं, अंगावरच्या कुठल्यातरी खुणेवरून ठेवलेलं. माझं नाव चष्मा वर ढकलणं. हर्षदाचं नाव खांद्यावरून कमरेपर्यंत उतरणारी वेणी. चाई लागल्यापासून ते नाव कुणी घेत नव्हतं. ती वर महिनाभर बिननावाची पडून होती. आता फिरोजनंच आधी हात खांद्याशी नेला, जरा घुटमळला, आणि मग सरळ खालपर्यंत वेणी ओढून विचारलं, "मी तुझा केस बसवला?"

"तू बसवलास," ती म्हणाली. आणि हसली.

मग तिनं माझा तास सरळ ताब्यात घेतला. मला म्हणाली, "माझ्या डोक्यात असं थोपटतं कोण?"

"डॉक्टर म्हणाले, शरीरात राखण करणारे असतात. रोगजंतूंना मारणारे. ते चुकून केसाच्या मुळालाच शत्रू समजतात. मूळ मरत नाही. भिऊन बसून राहतं."

"हे डॉक्टर कुणाला म्हणाले?"

"तुझ्या वडिलांना."

"मी तिथंच होते," ती म्हणाली. "ते दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होते. मी तोंडं बघत होते. बाबांचं तोंड खूप वाईट दिसत होतं."

तिनं मुलांना हात पाठीमागे बांधायला लावले. "आता थापा बंद. आपापलं मोजा." आम्ही दोघी पायरीवर चढून उभ्या राहिलो. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग मधून एक उठला. मग काठाचे दोघे. फिरोज उठता उठता तोल जाऊन पडला आणि पुन्हा उठला. बघता बघता चट्टा भरत गेला, कुणी बसत होतं, कुणी उठत होतं, पण डोकं भरलेलं.

मला वाटलं, झालं. पोरीला कळलं, केस परत येतात. आता रडेल, गळ्यात पडेल. पण ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताप आला तर?"

हा प्रश्न माझ्या जाळीत नव्हता. पण मी वाचलेलं होतं. "फार मोठ्या तापात खूप केस एकदम थांबतात, मग गळतात."

तिनं सगळ्या मुलांना बसवलं. अख्खं पटांगण सपाट झालं. ती बघत राहिली. "मग?"

"मग उठतात. वेळ लागतो, पण उठतात."

मुलं उठली. तिनं एक बोट स्वतःच्या कानाला लावलं. "यात कान कुठे आहे?"

"कान नाही यात. नुसते केस आहेत."

"डोळे?"

"डोळेही नाहीत. का गं?"

तिनं माझी दोन्ही मनगटं घट्ट धरली. आमच्याकडे मनगट धरणं म्हणजे तोंडावर हात ठेवणं. थोड्या वेळानं सोडली आणि ती सांगायला लागली. ती तीन वर्षांची असताना तिला मोठा ताप आला होता. आई घरच्या खुणांनी तिला ती गोष्ट नेहमी सांगायची, आणि नेहमी त्याच क्रमानं. ताप. केस गेले. कान गेले. आता केस पुन्हा गेले होते. कान तर आधीच नव्हते.

"म्हणून आता डोळे जाणार," ती म्हणाली. "मला आईला बघून ठेवायचं होतं. भावाला बघायचं होतं. डोळे गेल्यावर अंधारात माझ्याशी कोण बोलणार? बाई, तुम्ही तरी कशा बोलणार?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आम्ही सगळे तिला तेलं, रुमाल आणि झाशीच्या राणीचे टोप देत होतो, आणि ती पोर एकटी वरच्या खोलीत रोज सकाळी डोळे उघडून बघत होती, अजून दिसतंय का. तिला समजावायला मी हात उचलले.

पण माझी गरज तिला नव्हतीच. ती पटांगणाकडे बघत स्वतःशीच हात हलवत होती. "तापानंतर केस आले होते," ती म्हणाली. "माझी वेणी ती त्यातलीच."

"हो," मी म्हणाले.

"कान आले नाहीत."

"नाही."

"केस आले, कान आले नाहीत. म्हणजे केस आणि कान बरोबर चालत नाहीत. दोघांचं घड्याळ वेगळं." ती थांबली. गणितातलं उत्तर पुन्हा तपासावं तसं तिनं तपासलं. "केसांनी कान नेले नाहीत. तापानं नेले. आता ताप नाही."

"नाही. केस गेले म्हणून डोळे जात नाहीत. आपण डॉक्टरांना पुन्हा विचारू. तुझ्यासमोर. ते काय म्हणतात ते मी तिथल्या तिथे तुला हातांनी सांगेन."

"शब्दन् शब्द?"

"शब्दन् शब्द."

तिनं इतका मोठा श्वास सोडला, की तो मला ऐकू आला. मग म्हणाली, "भूक लागली."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणाले, "केसही बहुतेक येतील बरं का. नक्की नाही, पण बहुतेक." तिनं हात असा झटकला, की आले तर येऊ देत, नाही तर राहू देत. केसांचं तिला काही पडलंच नव्हतं. (उन्हाळ्यापर्यंत ते आले, आधी पांढरे आणि मागाहून काळे. होती तोवर ती पांढरी बट दिसेल असा ती मुद्दाम भांग पाडायची.) सुलामावशींनी आणलेले पोहे ती उभ्याउभ्या खात होती, आणि मुलं तिच्याभोवती कोंडाळं करून, मीच चट्ट्यात होतो, नाही मीच होतो, असं भांडत होती.

तेवढ्यात विलासराव कोपऱ्यावरून आले. हर्षदाची पत्र्याची ट्रंक एका खांद्यावर, बगलेत वळकटी, दुसऱ्या हातात पिशवी. मागून कोरगावकर सर दाखला घेऊन येत होते, शाई वाळावी म्हणून तो हवेत हलवत.

"चल गं," विलासरावांनी तिला तोंडानंच म्हटलं आणि हनुवटीनं फाटक दाखवलं.

हर्षदानं पोह्यांची बशी फिरोजच्या हातात दिली आणि वडिलांच्या वाटेत जाऊन उभी राहिली. ती बोलायला लागली. वडिलांना कळतील अशा घरच्या खुणांनी, सावकाश. ताप. केस. कान. एवढं त्यांना ओळखीचं होतं, ते मान हलवत होते. मग तिनं दोन बोटं डोळ्यांना लावली, आणि त्यांची मान थांबली.

"बाई, डोळ्याचं काय म्हंत्या ही?" त्यांनी घाबरून मला विचारलं.

"सांगा ना बाई, काय ते," सर म्हणाले. "उगाच खोळंबा नको."

मला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण महिनाभर आम्ही सगळे तिच्याबद्दल एकमेकांशीच बोलत आलो होतो, डॉक्टर वडिलांशी, वडील माझ्याशी, मी सरांशी. मी हातांची घडी घातली. "तिलाच विचारा," मी म्हणाले.

"इचारतो की," ते म्हणाले. त्यांनी तोंड उघडलं, आणि लेकीकडे बघून तसंच मिटलं. तोंडानं तिला काही विचारता येणार नव्हतं. त्यांनी खांद्यावर पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी खाली गेली. वळकटी घसरून मातीत पडली, ती त्यांनी उचलली नाही. मग वाकून त्यांनी ट्रंक पायरीवर ठेवली, दोन्ही हात सदऱ्याला पुसले, आणि मोकळ्या हातांनी लेकीला विचारलं, "काय झालं?"